तालुका निलंगा, आमदार औश्याचा, खासदार उस्मानाबादचा : आपल्या पट्ट्याचा मतदानाचा इतिहास लिहून ठेवूया का?

शिरसीपाटी (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी, लई दिवसांपासून हा धागा काढायचं मनात होतं, आज जमलं. मी कासारशिरसी भागातला. बाहेरच्या माणसानं विचारलं की तुमचा मतदारसंघ कोणता तर आमच्याकडं एका वाक्यात उत्तर देताच येत नाही. तालुका निलंगा, जिल्हा लातूर, विधानसभेला औसा (मतदारसंघ क्रमांक २३९), आणि लोकसभेला उस्मानाबाद. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालंय पण २०२४ च्या लोकसभेलाही मतदारसंघाचं नाव उस्मानाबादच होतं. म्हणजे सातबारा एका गावात, आमदार दुसऱ्या तालुक्यातला आणि खासदार दुसऱ्या जिल्ह्यातला.

हे सगळं सुचलं ते आमच्या आजोबांमुळं. त्यांचा जन्म १९३० चा. त्यांनी पहिलं मत टाकलं १९५२ ला, तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो आणि निलंगा तालुका बीदर जिल्ह्यात होता. हो, बीदर. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तिन्ही तालुके बीदरचे, १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते तोडून उस्मानाबादला जोडले आणि आपण मुंबई राज्यात आलो. मग १९६० ला महाराष्ट्र, १९८२ ला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि २००९ पासून लोकसभेपुरते परत उस्मानाबादला. माणूस त्याच घरात, त्याच लिंबाच्या झाडाखाली बसलेला, आणि वरची पाटी एवढ्या वेळा बदलली.

२००९ चा विधानसभेचा दिवस मला अजून लख्ख आठवतो. १३ ऑक्टोबर. मीच त्यांना मोटारसायकलवर झेडपीच्या शाळेत नेलं होतं. मतदाराची चिठ्ठी त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात घडी करून ठेवलेली. आत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात, मशीनचा आवाज येईना, आतले साहेब लोक दोनदा म्हणाले बाबा दाबा की. शेवटी आवाज आला, बाहेर आले आणि पायऱ्यावर बसले. मला म्हणाले, "आरं मशीनवर दादासाहेबाचं नावच न्हाई की. हात हाय, पण नाव मुरूमच्या पाटलाचं हाय." १९६२ पासून शिवाजीराव पाटील निलंगेकरांचं नाव ज्या माणसानं बघितलं, कधी त्यांना मत दिलं कधी रागानं दिलं नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आपलं गाव आता औश्यात गेलं. चिठ्ठीवर औसा छापलेलं होतं पण वाचणार कोण. मीही वाचलं नव्हतं, हे मला आजही लागतं.

आजोबा २०१४ ला गेले. त्यांच्या वयाची माणसं आता हाताच्या बोटांवर राहिलीत. म्हणून म्हणतो, ज्याला जे माहितीय ते इथं लिहा. निलंगा, औसा, उमरगा हा तेरणेच्या दोन्ही अंगाचा सगळा पट्टा एकत्र घेऊ.

देवणीखिंड

छान धागा. मी देवणीचा, आमचं उलटं आहे. आमचा तालुका १९९९ ला झाला, त्याच्या आधी आम्ही बहुतेक उदगीरकडं. आता देवणी आणि शिरूर अनंतपाळ दोन्ही तालुके पूर्ण निलंगा मतदारसंघात (२३८). म्हणजे शिरसी निलंगा तालुक्यात असून मतदारसंघाबाहेर, आणि आम्ही तालुक्याबाहेर असून मतदारसंघात.

निलंग्याचा इतिहास म्हणजे एका घराचा इतिहास आहे हे मान्य करावंच लागतं. दादासाहेब ६२ ला पहिल्यांदा निवडून आले, जून १९८५ ला मुख्यमंत्री झाले, आणि मार्च ८६ ला मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात हायकोर्टानं ताशेरे ओढल्यावर पायउतार झाले. नऊ महिन्यांचं मुख्यमंत्रीपद. आमच्याकडची जुनी माणसं दोन्ही गोष्टी सांगतात, मुख्यमंत्री झाले तेव्हाचे हलगी-फटाके पण सांगतात आणि राजीनाम्याची रात्र पण. नंतर ९५ च्या लाटेत जनता दलाचे माणिकराव जाधव आले, ९९ ला परत दादासाहेब.

पण खरा विषय २००४ चा. त्या एका वर्षात दोन धक्के बसले. आधी लोकसभेला निलंगेकरांच्या सूनबाई रूपाताई पाटील भाजपकडून उभ्या राहिल्या आणि शिवराज पाटील चाकूरकरांना पाडलं, १९८० पासून सलग निवडून येणारा माणूस. आणि ऑक्टोबरला विधानसभेत नातू संभाजी पाटलांनी सख्ख्या आजोबांना पाडलं. मी तेव्हा बारावीला होतो. आमच्या गल्लीत एकाच वाड्यात वरच्या मजल्यावर पंजा आणि खाली कमळ होतं, जेवताना बोलणं बंद होतं महिनाभर. २००९ ला आजोबांनी नातवाला पाडून जागा परत घेतली, तेव्हा वय ७८. २०१४ आणि २०१९ ला संभाजी पाटलांनी काका अशोकरावांना हरवलं, मधे २०१६ ला राज्यात मंत्री पण झाले. २०२४ ला पहिल्यांदा असं झालं की समोर घरातलं कुणी नव्हतं, काँग्रेसकडून अभय साळुंके होते, तरी जागा संभाजी पाटलांकडंच राहिली.

माहेर_औराद

मला लिहायचंच आहे. माझं माहेर औराद शहाजानी, सासर मदनसुरीकडचं. दोन्ही गावं निलंगा तालुक्यातच. पण लग्न होऊन आले आणि मतदारसंघ बदलला, आमदार बदलला, खासदार बदलला. जिल्हा तोच. मतदार यादीत नाव हलवायला गेले तर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात, हे म्हणायचे तिकडं जा, ते म्हणायचे तुमचा तालुका निलंगा मग इकडं कशाला आलात. तीन चकरा झाल्या, लेकरू कडेवर. शेवटी नाव आलं पण तोवर एक मतदान हुकलं होतं. ते मत माझं लग्नानंतरचं पहिलं मत असतं.

औरादबद्दल एक सांगते, बीदर जिल्ह्यात पण एक औराद आहे, औराद बाऱ्हाळी, आता कर्नाटकात. ५६ च्या आधी दोन्ही औराद एकाच जिल्ह्यात होते. माझ्या आजीच्या बहिणी भालकीकडं दिलेल्या, तिकडं गेलं की आजी कानडीच बोलायची आणि परत आली की मराठी. तिच्या लेखी सीमा नव्हतीच. आमच्या गावाजवळच तेरणा मांजरेला मिळते, आणि मांजरा पुढं खाली कर्नाटक-तेलंगणात जाऊन वळसा घेऊन गोदावरीला मिळते. नदीला कुणी विचारत नाही तुझा मतदारसंघ कोणता.

मोजणीवाले

मी महसूल खात्यात नोकरी केली, आता रिटायर. ही सीमा अशी का आखली ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की कुणीतरी मुद्दाम कुणाचं तरी वाटोळं करायला केली. काही ठिकाणी तसं बोललं जातं पण आपल्या पट्ट्यात गणित साधं होतं.

२००२ च्या कायद्यानं परिसीमन आयोग (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा) नेमला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष. आकडे धरले २००१ च्या जनगणनेचे. राज्यात जागा २८८ च ठेवायच्या, त्यातल्या लातूर जिल्ह्याच्या वाट्याला ६ आल्या. जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा २० लाख ८० हजाराच्या घरात, भागिले ६ केलं की एका मतदारसंघाला साधारण साडेतीन लाख माणसं लागतात. आता औसा तालुका एकटा तेवढा भरत नाही. मग भर कुठून घालायची? नकाशात बघा, औश्याच्या दक्षिणेला तेरणा, नदीपलीकडं लोहारा-उमरगा. माणसांचं जाणं-येणं तिकडं भरपूर. पण विधानसभा मतदारसंघानं जिल्ह्याची हद्द ओलांडायची नाही हे आयोगानं धरलं होतं, आणि तेरणेपलीकडं उस्मानाबाद जिल्हा. राहिला निलंगा. म्हणून निलंग्याची दक्षिण-पश्चिम बाजूची मंडळं, कासारशिरसी-मदनसुरीकडची, उचलून औश्याला लावली आणि निलंग्याची कमी झालेली माणसं देवणी आणि शिरूर अनंतपाळ देऊन भरली. महसूल मंडळ (तालुक्यातल्या काही गावांचा गट) शक्यतो फोडायचं नाही, आख्खं उचलायचं.

लोकसभेला मात्र जिल्हा ओलांडता येतो. ६ विधानसभा मिळून एक लोकसभा. उस्मानाबाद जिल्ह्यात ४ च, म्हणून सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि आपलं औसा घेऊन ६ केल्या. लातूरची एक कमी झाली तर नांदेडमधलं लोहा घेतलं. लोह्याचे लोक पण तुमच्यासारखीच तक्रार करतात.

कायद्यात (कलम ९) लिहिलेलं आहे की मतदारसंघ शक्यतो आटोपशीर, एकसंध पाहिजे, आणि नद्या-डोंगर, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची सोय आणि लोकांची सोय बघायची. आपल्या बाबतीत प्रशासकीय हद्द आणि आकडा जिंकला, सोय मागं राहिली.

शिरसीपाटी

काका, एवढं नीट आजवर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. सोयीचं म्हणाल तर, शिरसीहून एसटीनं औश्याला जायचं तर निलंग्याला उतरून गाडी बदलून लामजन्यावरून जावं लागतं. म्हणजे ज्या निलंग्याचे आम्ही मतदार नाही तेच ओलांडून आमच्या मतदारसंघाच्या गावाला पोचायचं. माझ्या मते ह्यात सगळ्यात जास्त नुकसान म्हाताऱ्या माणसांचं आणि बाईमाणसांचं होतं, ज्यांच्याकडं स्वतःची गाडी नाही. ताईंचं वाचून वाईट वाटलं.

बरं रेणापूरचं कुणी लिहील का? ते उदाहरण लोकांना माहीत पाहिजे.

पळशी_नाक्यावर

रेणापूर मी लिहितो, मामाचं गाव आहे. रेणापूर आधी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात होतं, लातूर जिल्हा झाला तेव्हा इकडं आलं. पण मतदारसंघाचं नाव रेणापूरच राहिलं आणि त्यात परळीकडचा भाग पण. गोपीनाथ मुंडे ८० ला रेणापूरमधूनच पहिल्यांदा आमदार झाले, ८५ ला पडले, मग ९० पासून २००४ पर्यंत सलग चारदा रेणापूरच. लोकांना वाटतं ते परळीचे आमदार होते. परळी मतदारसंघ २००९ ला झाला, तिथून पंकजाताई आल्या आणि रेणापूर हे नावच यादीतून गेलं, तो भाग लातूर ग्रामीणमध्ये. तसंच उदगीर तालुक्यातल्या हेर गावाच्या नावाचा राखीव मतदारसंघ होता, तो पण गेला. आता नवीन पोरांना हेर म्हणलं तर फक्त गाव माहीत.

उमरगा_चौरस्ता

मुरूमच्या पाटलांचं नाव निघालं म्हणून लिहितोय. बसवराज पाटील आधी आमच्या उमरग्याचे आमदार होते, ९९ ला निवडून आलेले, राज्यमंत्री पण झाले. ९५ आणि २००४ ला शिवसेनेचे रवींद्र गायकवाड. मग नवीन रचनेत उमरगा (२४०) अनुसूचित जातीसाठी राखीव झालं, तेव्हा बसवराज पाटील औश्याला गेले आणि २००९, २०१४ दोन्ही वेळा तिथून जिंकले. त्याआधी औश्याला ९९ आणि २००४ शिवसेनेचे दिनकर माने होते. म्हणजे शिरसीच्या आजोबांना मशीनवर मुरूमचं नाव दिसलं त्याचं मूळ आमच्या उमरग्याच्या आरक्षणात आहे. एक रेघ इकडं हलली की तिकडच्या म्हाताऱ्याच्या बोटाखालचं नाव बदलतं.

लोकसभेचं पण तसंच अदलाबदल झालं, उस्मानाबाद आधी राखीव होतं ते २००९ ला खुलं झालं, आणि लातूर खुलं होतं ते राखीव झालं. उस्मानाबादला २००९ ला पद्मसिंह पाटील अगदी थोडक्यात आले, २०१४ ला आमचे रवी सर (रवींद्र गायकवाड), २०१९ आणि २०२४ ला ओमराजे निंबाळकर, २०२४ ला तर सव्वातीन लाखाच्या वर मतांनी. लातूरला आवळे, सुनील गायकवाड, शृंगारे आणि आता काँग्रेसचे डॉ. काळगे.

आरक्षणाबद्दल कुणी वाकडं बोलू नये एवढीच विनंती. आमच्या वस्तीतल्या माणसानं पहिल्यांदा आपल्यातला आमदार बघितला तो त्यामुळंच. माझ्या वडिलांनी त्या दिवशी नवीन सदरा घातला होता मतदानाला.

किल्लारी_खाली

सगळे निवडणुकीचंच बोलताय, मी भूकंपाचं बोलतो कारण आमच्याकडं त्याशिवाय कुठलाच इतिहास सुरू होत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. मी सात वर्षांचा होतो, आईनं मला खाटेखाली ढकललं म्हणून मी आहे. आमच्या घरातले चार जण गेले.

मतदारसंघाच्या अंगानं सांगायचं तर, किल्लारी औसा तालुक्यात, तेरणेच्या अलीकडं. सास्तूर पलीकडं, तेव्हा उमरगा तालुका, आता लोहारा. दुःख एकच पण दोन जिल्हे, दोन आमदार, दोन कलेक्टर. ५२ गावं नवीन जागी वसवली. गाव उचलून दुसरीकडं नेलं की गल्ल्या मोडतात, शेजार मोडतो, आणि यादी पण मोडते. जुन्या गावात भावकीची घरं एका रांगेत होती, नवीन गावात घराच्या साईजप्रमाणं, जमिनीप्रमाणं घरं मिळाली, त्यामुळं यादीत शेजारची नावं लांब गेली. ९५ च्या मतदानाला आम्ही पत्र्याच्या शेडमधून गेलो होतो. त्या यादीत गेलेल्या माणसांची नावं अजून होती. आई तिथं उभी राहून एकेक नाव वाचत होती, तिची रांग पुढं गेली तरी तिला कळलं नाही. कुणी तिला हटकलं नाही.

तेव्हापासून मला वाटतं मतदार यादी हा नुसता कागद नाही, गावात कोण होतं त्याची ती नोंद आहे. म्हणून शिरसीपाटी म्हणतात ते काम खरंच करायला पाहिजे.

देवणीखिंड

दादा, काय बोलावं. वाचून थांबलो थोडा वेळ.

शिरसीपाटी

किल्लारीच्या दादांना नमस्कार. तुमच्या आईंना पण.

औसा_बसस्टँड

मी औश्याचा, आमची बाजू पण घ्या. २०१९ ला भाजपचे अभिमन्यू पवार आले बसवराज पाटलांना हरवून, २०२४ ला परत तेच, समोर ठाकरे गटाकडून जुने दिनकर माने. शेतरस्त्याचं काम आमच्याकडं चांगलं झालं हे मी पक्ष बाजूला ठेवून सांगतो, पावसाळ्यात बैलगाडी रुतायची ती आता बांधापर्यंत जाते.

पण २०२४ चं मतदान ज्यानं समजून घेतलं त्याला हा पट्टा समजला. मे महिन्यात लोकसभेला लातूरला काँग्रेस, उस्मानाबादला मशाल. सहा महिन्यांत नोव्हेंबरला औसा आणि निलंगा दोन्हीकडं कमळ, आणि तेरणा ओलांडली की उमरग्याला मशाल, प्रवीण स्वामींनी तीन टर्मच्या ज्ञानराज चौगुलेंना थोडक्यात पाडलं. लोक तेच. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ आणि आडतीवर त्याच्या खाली भाव मिळत होता, तो राग होता. लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात आले होते, तेही होतं. आरक्षणाचं आंदोलन होतं. जो म्हणतो आमच्याकडची माणसं आंधळेपणानं एकाच चिन्हाला मत देतात त्यानं हे निकाल बघावेत. आमच्या घरात मे आणि नोव्हेंबरला वेगवेगळी बटनं दाबली आणि दोन्ही वेळा विचार करून दाबली.

उमरगा_चौरस्ता

आमच्याकडं राग शिवसेना फुटली त्या गद्दारीचा होता असं पण बरेच म्हणतात. पण सोयाबीनचं तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं.

मोजणीवाले

जुनी गोष्ट राहिली. शिवसेनेच्या आधी काँग्रेसच्या विरोधात ह्या भागात शेकाप (शेतकरी कामगार पक्ष) होता हे विसरू नका. उस्मानाबादचे उद्धवराव पाटील त्याच पक्षाचे. शिवसेना तर फार नंतर, ८५-९० नंतर आली. लाल झेंड्याच्या सभेला गेलेली माणसं अजून भेटतील, त्यांना गाठा.

आणि पुढचं महत्त्वाचं. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर पुढचं परिसीमन व्हायचं आहे, महिलांचं आरक्षणही २०२३ च्या घटनादुरुस्तीनं त्यालाच जोडलेलं आहे. मागच्या वेळी मसुदा छापला होता, हरकती मागवल्या होत्या, जाहीर सुनावणी पण झाली. आपल्या मंडळातून किती हरकती गेल्या असतील? मला आठवतंय, आमच्या कार्यालयात नकाशा भिंतीला लावला होता, बघायला पुढारी आले, त्यांचे कार्यकर्ते आले, सामान्य माणूस कुणी आलं नाही कारण त्याला कुणी सांगितलं नाही. ह्यावेळी मसुदा येईल तेव्हा हातात कागद पाहिजे : आमच्या गावाहून कुठलं बाजाराचं गाव किती किलोमीटर, एसटी कुठून मिळते, दवाखाना कुठला, लेकरं कॉलेजला कुठं जातात. कलम ९ मध्ये लोकांची सोय लिहिलेली आहे, ती सोय लेखी मांडायची. तालुक्यापासून न तोडता निलंग्यातच ठेवा म्हणायचं का औश्यातच बरं चाललंय म्हणायचं ते गावानं ठरवावं.

माहेर_औराद

काका मी मदनसुरीकडच्या आमच्या आठ-दहा गावांचं करते. बचतगटाच्या बायका आहेत प्रत्येक गावात, त्या एका बैठकीत सगळं सांगतील. पण एक विचारायचं होतं, गाव आधी कोणत्या मतदारसंघात होतं ह्याचा पुरावा घरात कसा शोधायचा? जुन्या याद्या कुणाकडंच नाहीत.

मोजणीवाले

ताई, ट्रंका उघडा. मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात, ९३ नंतर, पहिली फोटोची ओळखपत्रं निघाली. त्यावर नंबर एमटी नं सुरू होतो, पुढं तिरक्या रेघा मारून आकडे. त्यात एक आकडा लोकसभेचा आणि एक विधानसभेचा असायचा, तेव्हाच्या जुन्या क्रमांकाप्रमाणं. माणूस गेला तरी बऱ्याच घरांत ते कार्ड ठेवलेलं असतं.

शिरसीपाटी

आत्ताच आईला विचारून आजोबांची पत्र्याची पेटी काढली. रेशनकार्ड, सोसायटीच्या पावत्या, एक चष्मा, आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत ते कार्ड. फोटो पांढरा पडलाय, फक्त टोपी दिसते. नंबर एमटी नंच सुरू होतोय, तिरक्या रेघांतले आकडे स्पष्ट आहेत. मागं तालुका निलंगा, जिल्हा लातूर. आणि कार्डाला दोऱ्यानं बांधलेली एक घडी होती, उघडली तर २००९ ची ती चिठ्ठी, २३९ औसा. त्यांनी ती टाकून दिली नव्हती.

दोन्हीचा फोटो उद्या दिवसाच्या उजेडात काढून टाकतो. किल्लारीच्या दादा, तुमच्याकडं ९५ ची यादी कुणाकडं मिळाली तर नक्की कळवा, मी गाडी घेऊन येतो.